खारपाणपट्ट्यातलं आकाश

उल्का पाहायला कुठं जावं, असं अमरावतीत कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: चिखलदरा. सुमारे अकराशे मीटर उंची, स्वच्छ हवा, भोवती मेळघाटचं जंगल. उत्तर चुकीचं नाही. पण डिसेंबरातल्या सुटीच्या रात्री तिथल्या हॉटेलांच्या गच्चीवर, लॉनवर, पार्किंगमध्ये फोकस लागलेले असतात. दरीतून धुकं वर आलं की त्या उजेडात सगळं पांढरंधोप होतं आणि वरचे तारे दिसेनासे होतात. जंगलात रात्री थांबायला वनखात्याची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. म्हणून मी लोकांना उलट्या बाजूला पाठवतो. डोंगर चढू नका, पूर्णेकडं उतरा. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट यांच्या मधल्या खारपाणपट्ट्यात, हरभऱ्याच्या वावरात जाऊन झोपा.

मी वीज खात्यात लाइनमन होतो. खांबावर चढण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं कोणता दिवा कुठं उजेड टाकतो हे मला वाचून नाही, हातानं ठाऊक आहे. खारपाणपट्टा अंधारा का राहिला, याचं उत्तर मला त्याच नोकरीत मिळालं. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणली तरी ते पिकाला चालत नाही. म्हणून शेती कोरडवाहू: कापूस, तूर, मूग, आणि दिवाळीच्या सुमारास पावसाळ्याच्या ओलीवर पेरलेला हरभरा. गोडं पाणी नाही म्हणून मोटार नाही, मोटार नाही म्हणून वावरात डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, नाही, डीपी नाही म्हणून खांब नाही आणि खांबावरचा बल्बही नाही. वरुड-मोर्शीकडं संत्र्याच्या बागांना रात्रपाळीची लाईन आली की मळ्यामळ्यात दिवे दिसतात. इकडं गाव सोडून दोन-तीन किलोमीटर आत गेलं की पायाखालचं ढेकूळ दिसत नाही. ज्या पाण्यानं इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या छळलं, त्याच पाण्यानं हा अंधार राखला.

शिवाय जमीन सपाट. धुऱ्यावरच्या बाभळी सोडल्या तर नजर अडत नाही, आकाश चारी बाजूंनी जमिनीला टेकतं. दर्यापूरजवळच्या आमच्या वावरातून पाहिलं तर पूर्वेला अमरावतीचा उजेड फुगवट्यासारखा वर आलेला असतो, नैऋत्येला अकोल्याचा. वायव्येला अकोट, दक्षिणेला मूर्तिजापूर, हे लहान फुगवटे. उत्तरेला मात्र गाविलगडच्या डोंगरांची रांग आणि तिच्यामागं मेळघाट. ती बाजू अजून काळीकुट्ट आहे. तिकडं पाय करून उताणं झोपायचं.

या वावरात आकाश पाहणारे लोक नवे नाहीत. हरभऱ्याला घाटे धरायला लागले की रोही आणि रानडुकरं येतात, आणि मग जागल सुरू होते. जागलीला बसलेला माणूस रात्रभर वरच पाहतो, कारण वेळ ओळखायला त्याच्याजवळ तेच असतं. कृत्तिकांचा पुंजका डोक्यावरून कलला, मृगाचे तीन तारे वर आले, पहाटे बाजलं उभं राहिलं, यावर आमच्या वडिलांची रात्र चालायची. सप्तर्षींना आमच्याकडं बाजलंच म्हणतात. मी पहिल्यांदा उल्कावर्षाव मोजायला वही घेऊन बसलो तेव्हा शेजारच्या वावरातला जागल्या, चांगला सत्तरीचा बुढा, कंदील घेऊन आला.

"काय लिवतं बापू अंधारात?"

"तारे तुटतात ते मोजतो, बुवा."

"मोजाचं काय त्यात? मार्गेसरात लयच तुटतात. पोयाच्या अंगामंदी बी तुटतात, पण तवा आभाय असते."

पुस्तकात जे मी चार प्रकरणं वाचून शिकलो होतो, ते या माणसानं दोन वाक्यांत सांगितलं. मार्गशीर्षात तुटणारे ते मिथुन राशीतून येणाऱ्या उल्का, दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री सगळ्यांत जास्त. पोळ्याच्या आगेमागे तुटणारे ते ययाती तारकासमूहातले, १२-१३ ऑगस्टचे. युरोप-अमेरिकेत ऑगस्टचा वर्षाव मोठा मानतात, कारण तिकडं तो उन्हाळा असतो. आपल्याकडं तेव्हा आभाळ भरलेलं. वऱ्हाडासाठी खरा उल्कावर्षाव डिसेंबरचाच.

याला दुसरं, भूगोलातलं कारणही आहे. उल्का आकाशात कुठंही दिसल्या तरी त्यांच्या वाटा मागं मागं ओढत नेल्या तर एका ठिकाणी येऊन मिळतात. त्या प्रत्यक्षात एकमेकींना समांतर येत असतात, लांबून पाहताना त्या एका बिंदूतून फाकल्यासारख्या दिसतात, एवढंच. मिथुनेतला हा बिंदू पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी कॅस्टरजवळ आहे. अमरावती-अकोल्याच्या अक्षांशावर तो रात्री दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. बिंदू जितका उंच, तितक्या उल्का जास्त. आदर्श स्थितीत, म्हणजे पूर्ण काळं आकाश आणि बिंदू थेट माथ्यावर असताना, हा वर्षाव ताशी सव्वाशे ते दीडशेपर्यंत जातो. ययातीचा बिंदू आपल्याकडं पहाटेलाही आकाशाच्या जेमतेम निम्म्याहून थोडा वर चढतो. म्हणजे डिसेंबरात निसर्गानं वऱ्हाडाला जागा पहिल्या रांगेतली दिलेली आहे.

तुटतो तो तारा नसतो हे आता शाळेतली पोरंही सांगतात, पण काय असतं ते सांगायला अडतात. धूमकेतू सूर्याजवळून जाताना आपल्या मार्गावर कण सांडत जातो, वाळूच्या खड्याएवढे, फार तर वाटाण्याएवढे. पृथ्वी दरवर्षी त्याच तारखेला त्या कणांच्या पट्ट्यातून जाते. ऑगस्टचे कण स्विफ्ट-टटल धूमकेतूचे, तो सूर्याभोवती सुमारे १३३ वर्षांनी एक फेरी करतो. डिसेंबरचे कण मात्र धूमकेतूचे नाहीत, फेथॉन नावाच्या, पाच-सहा किलोमीटरच्या लघुग्रहाचे आहेत. १९८३ साली एका अवकाशातल्या दुर्बिणीला तो सापडला, आणि त्याचा मार्ग या कणांशी तंतोतंत जुळला. तो सूर्याच्या बुधापेक्षाही जवळून जातो. उघडा खडक असून तो एवढे कण कसे मागं टाकतो, याचा शोध अजून चालू आहे.

मिथुनेचा कण सेकंदाला ३५ किलोमीटर वेगानं हवेत शिरतो. दर्यापूर ते अमरावती एवढं अंतर सव्वा-दीड सेकंदात. जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवर हवा अगदी विरळ असते, तरी त्या वेगापुढं तीही भारी पडते. कण तापून त्याची वाफ होते, वाफेचे आणि हवेचे अणू एकमेकांवर आदळून चमकतात, आणि ऐंशीएक किलोमीटर उंचीपर्यंत खेळ संपतो. जमिनीवर काही पडत नाही. मूठ वळून हात लांब केला की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. दर्यापूरच्या वावरातून पूर्वेला तीन मुठी वर जी उल्का दिसते, ती खरं तर नागपूरच्या डोक्यावर असते. तिथलाही कुणी त्या क्षणी वर पाहत असेल तर तीच उल्का त्याला माथ्यावर दिसते. मला हा हिशेब फार आवडतो.

मध्यरात्रीनंतर उल्का वाढतात त्याचं कारण सरळ आहे. रात्री मोटारसायकलवरून जाताना किडे छातीवर आदळतात, पाठीवर नाही. पृथ्वी सूर्याभोवती ज्या दिशेनं धावते, ती बाजू पहाटेच्या लोकांच्या डोक्यावर असते. मिथुनेचा बिंदू लवकर उगवतो म्हणून दहापासूनच बसता येतं, पण ज्याला झोप मोडून एकच तास द्यायचा असेल त्यानं दोनचा गजर लावावा.

पाहण्याची कृती सोपी आहे आणि तिला दुर्बीण लागत नाही. दुर्बिणीतून आकाशाचा लहानसा तुकडा दिसतो, उल्का तर कुठूनही निघते. ताडपत्री खाली घ्या, कारण हरभऱ्यावर दव पडतं आणि पहाटेपर्यंत वाकळ ओली होते. हरभऱ्यातून चालू नका, पिकाचं नुकसान होतं आणि पोटऱ्यांना आंब लागून चुरचुरतं ते वेगळं. धुऱ्यावर पसरा. शेकोटी करायची तर पाठीमागं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडं एकदा पाहिलं की ती सगळी कमाई जाते. बॅटरी लागतेच, वावरात विंचू-काटा असतो, तेव्हा तिच्या तोंडाला आकाशकंदिलातला लाल जिलेटीन कागद दुहेरी करून रबरानं बांधा. लाल उजेडानं डोळ्यांची सवय फारशी मोडत नाही. आणि शेत ज्याचं आहे त्याला आधी विचारा. रात्री परक्या वावरात माणसं दिसली की जागल्या काठी घेऊन येणार, आणि ते त्याचं काम आहे.

२०२६ साल यासाठी चांगलं आहे. १२ ऑगस्टला आषाढी अमावास्या, म्हणजे आपली जिवती. चंद्र नाही, ढग फाटले तर पाहून घ्यावं. १३ डिसेंबरला चंद्राची कोर रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास मावळते, पुढची सगळी रात्र मोकळी. बाकीचे वर्षाव आहेतच: जानेवारीच्या सुरुवातीला, २२ एप्रिलला, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि २१ ऑक्टोबरला. शेवटचे दोन्ही हॅलेच्या धूमकेतूचे. तो स्वतः ७६ वर्षांनी येतो, त्याचे कण मात्र वर्षातून दोनदा भेटतात.

पण आकाशात जळताना दिसतं ते सगळं उल्काच नसतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास जळगाव, बुलडाणा, अकोला, अमरावतीपासून चंद्रपूरपर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारे दिवे पाहिले. सगळ्यांचे फोन वाजायला लागले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं. ते दिवे एकामागोमाग, एका रांगेत, संथपणे आकाश ओलांडून गेले, आणि तिथंच उत्तर होतं. उल्का एक-दोन सेकंदांत संपते, असं मिरवत जात नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. तो चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा वातावरणात परत शिरलेला भाग असल्याचं जाणकारांनी सांगितलं. आकाशात आता माणसानं सोडलेलंही पुष्कळ फिरतं, म्हणून पाहणाऱ्यानं वेग आधी पाहावा.

खरा दगड पडतो तोही आपल्या भागात पडलेला आहे. २२ मे २०१२ रोजी भरदुपारी काटोल परिसरात मोठा आवाज होऊन उल्कापाषाण पडले. काटोल नागपूर जिल्ह्यात, पण वरुडच्या शेजारचं, त्याच संत्र्याच्या पट्ट्यातलं. त्या दगडांत पुढं ब्रिजमनाइट नावाचं खनिज मिळालं. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल तेच सगळ्यांत जास्त आहे, आणि तिथवर माणसाचा हात पोचत नाही. आणि लोणार तर वऱ्हाडचंच. काळ्या पाषाणात, आपण ज्याच्या मातीत कापूस पेरतो त्याच बेसॉल्टमध्ये, आघातानं पडलेला जवळजवळ पावणेदोन किलोमीटरचा खळगा. पावसासारख्या येणाऱ्या उल्कांचा या दगडांशी संबंध नाही, तरी लोणारच्या काठावर उभं राहिलेल्या माणसाला वरून काय येऊ शकतं हे समजावून सांगावं लागत नाही.

आता दिव्यांचं. मी नोकरीला लागलो तेव्हा गावांत साधे बल्ब आणि ट्यूबलाइट, शहरात पिवळे सोडियम. मग एलईडी आले. वीज वाचली, हे चांगलंच झालं. पण पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा उजेड जास्त असतो आणि हवेत निळाच उजेड जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं ते त्याच कारणानं. तो विखुरलेला उजेड परत आपल्याच डोळ्यांत येतो आणि मागचे तारे पुसतो. दुसरं कारण खांबावर चढल्याशिवाय कळत नाही. जुन्या सोडियमच्या दिव्यासाठी जो पाइप, ज्याला आम्ही आर्म म्हणतो, तो वरच्या बाजूला कललेला असतो. त्याच आर्मवर सपाट एलईडी बसवला की त्याचं तोंडही वर होतं. खालच्या रस्त्यावर पडायचा उजेड समोरच्या घराच्या खिडकीत आणि आभाळात जातो. त्यात चौकाचौकांत हायमास्ट, दुकानांच्या पाट्या, आणि लग्नसराईत मंगल कार्यालयांवरून ढगात फिरणारे शार्पीचे झोत. २०२३ साली सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला. पन्नास हजारांहून जास्त सामान्य लोकांनी २०११ ते २०२२ या काळात आपापल्या आकाशातले तारे पाहून नोंदवले, आणि त्यातून निघालं की रात्रीचं आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. नोंदी बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या आहेत, पण त्या वेगानं आठ वर्षांत उजेड दुप्पट होतो, आणि अमरावतीच्या बाजूचा फुगवटा पाहणाऱ्या मला तो आकडा मोठा वाटत नाही.

नुकसान फक्त हौशी लोकांचं नाही. घाटेअळीचे, हुमणीचे पतंग-भुंगेरे पकडायला प्रकाश सापळा लावा, असं आपले कृषी विद्यापीठवालेही सांगतात. उजेडाला किडे येतात हे आपण वापरतो. मग रात्रभर जळणारा प्रत्येक उघडा दिवा हाही सापळाच आहे, फरक इतकाच की तो कीड आणि मित्रकीटक यांत निवड करत नाही आणि पहाटे कुणी बंदही करत नाही.

यावर मला नेहमी एक प्रश्न येतो: बिबट्या येतो, पोरीबाळी रात्री क्लासहून येतात, अंधार कसा ठेवायचा? अंधार रस्त्यावर ठेवायचाच नाही. हायमास्टच्या खाली उभं राहून बाहेर पाहा, उजेडाच्या रिंगणापलीकडं काही दिसत नाही. डोळे दिपलेले असतात, आणि लपणाऱ्याला तेच हवं असतं. खाली तोंड असलेला, झाकण असलेला, कमी वॅटचा दिवा रस्ता जास्त चांगला दाखवतो. हे मी लाइनमन म्हणून छातीठोकपणे सांगतो.

आणि हे विदर्भात करून दाखवलेलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला डार्क स्काय पार्क हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भारतात पहिला, आशियात पाचवा. हा दर्जा नुसत्या जंगलाला मिळत नाही. जंगलालगतच्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमधले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडं तोंड असलेले बसवले, तेव्हा तो मिळाला. गावं अंधारात गेली नाहीत, त्यांचे दिवे खाली पाहायला लागले. त्याआधी २०२२ मध्ये लडाखमधल्या हानले परिसराला राखीव अंधारं आकाश म्हणून जाहीर केलं, पण हानले चार हजार मीटरवर, माणूस विरळ. पेंचचं उदाहरण आपल्याला जवळचं, कारण तिथं तीच ग्रामपंचायत, तोच खांब, तेच बिल. मेळघाट १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, पेंचपेक्षा कितीतरी मोठा. सेमाडोह, हरिसाल, कोलकासच्या बाजूला आजही जे आकाश आहे ते मोजून, नोंदवून राखायला घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. चिखलदऱ्याच्या हॉटेलवाल्यांनी रात्री अकरानंतर फोकस बंद केले तर पाहुणे कमी होणार नाहीत, ते आकाश पाहायलाच पाहुणे येतील.

आमच्या गावात काम सुरू झालं ते मंदिरासमोरच्या दिव्यापासून. उघडा पन्नास वॅटचा एलईडी, थेट डोळ्यांत. तेलाच्या रिकाम्या पिप्याचा पत्रा कापला, कडा दुमडून बोथट केल्या, आतून पांढरा रंग दिला म्हणजे उजेड खाली परततो, आणि दिव्यावर टोपी बसवली. मग दिवा बदलून वीस वॅटचा लावला, तरी पाराच्या पायऱ्या पहिल्यापेक्षा स्वच्छ दिसतात. नवा दिवा घेताना डब्यावरचा आकडा वाचून घेतला: ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा, ३००० म्हणजे पिवळसर. दुकानदार विचारल्याशिवाय ६५०० चाच देतो. पुढं पाच-सहा घरांनी अंगणातल्या दिव्यांना तशाच टोप्या मागून नेल्या. एका घरच्या सूनबाईंनी तर मला सांगितलं, "काकाजी, पहिले पोरगं खिडकीतल्या लाइटनं झोपतच नव्हतं."

बसस्टँडपुढचा हायमास्ट राहिला आहे. त्याच्या सहा दिव्यांची तोंडं खाली वळवायची आणि रात्री अकराला चार दिवे बंद करणारा टायमर बसवायचा, असा अर्ज २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी लिहून ठेवला आहे. सोबत विजेच्या बचतीचा हिशेब जोडला आहे, आणि दिवे वळवायला वर मीच चढणार नसलो तरी खाली उभा राहून कोन सांगणार आहे.